शूटिंगात मिळालेले तांदूळ

चेन्नईहून आलेल्या दिग्दर्शकानं लॉजच्या खोलीत मला पहिलाच प्रश्न विचारला, "तुला नट का व्हायचंय?" आणि माझी बोबडीच वळली. रडून दाखव म्हणाला असता तर रडलो असतो. पोलिसाचा सलाम, दारुड्याची चाल, सासऱ्यासमोर अवघडून बसलेला जावई, सगळं आरशासमोर घोटून आलो होतो. पण हे? "सार, लहानपणापासून आवड आहे," मी म्हणालो. "ते सगळेच सांगतात," तो म्हणाला. मग मी म्हणालो, "दुकानात बसायचं नाहीये." तो हसला. तरी त्यानं मला घेतलं, आणि का घेतलं हेही मला कळलं नाही.

तोपर्यंतची आमची कारकीर्द म्हणाल तर एका मालिकेत प्रेत झालो होतो. नाकावर माशी बसली तरी प्रेतानं हलायचं नसतं, हे तिथं शिकलो. रेशमी साड्यांच्या एका जाहिरातीत गिऱ्हाईक होतो. त्यात माझी मान दिसते. वहिनीनं ती जाहिरात फोनवर थांबवून थांबवून पाहिली आणि म्हणाली, "भावजी, मान छान आहे हो." ही वहिनी साताऱ्याची. आजकालची मराठी आमच्या घरात तिनंच आणली, आणि मी हे लिहितोय ती भाषा तिच्याकडूनच उचललेली. बाकी आम्ही तंजावरच्या मराठी राजांच्या काळापासून इथलेच, कुंभकोणम्चे. दाराबाहेर पाय टाकला की तमिळ, आत आलो की आमची ती जुनी मराठी. लग्न होऊन आल्यावर वहिनीला कितीतरी दिवस सासरी कुणीतरी पोथी वाचतंय असं वाटायचं म्हणे.

आता मात्र खरं काम मिळालं होतं. तोंडात वाक्यं असलेलं, चेहरा दिसणारं. भागवतराचं काम. भागवतर म्हणजे आमच्याकडचा भजनी बुवा. सिनेमातल्या या तरुण भागवतराचा बाप नुकताच गेलेला असतो आणि बापाच्या जागी तो पहिल्यांदा उंछवृत्तीला निघतो. उंछवृत्ती म्हणजे महाराष्ट्रातल्या माधुकरीच्या जवळपासचं काहीतरी. नेसूला पंचा, उघडं अंग, खांद्यावर उपरणं, गळ्यात तुळशीची माळ आणि दोरीनं अडकवलेला तांब्या, हातात चिपळ्या. गात गात दारोदार जायचं आणि तांदूळ मागायचे. गरिबी म्हणून नाही. मार्गळी महिन्यात, म्हणजे मार्गशीर्षाच्या सुमारास, आमच्या भजन मठात पांडुरंगाचं आणि रखुमाईचं लग्न लागतं, त्या लग्नाचं जेवण मागून आणलेल्या तांदळाचंच हवं, अशी रीत. त्या दिवशी मागणारा कुणीही असो, दारात आला की घरची बाई त्याचे पाय धुते, दिवा ओवाळते, नमस्कार करते आणि मूठभर तांदूळ घालते.

आमच्या मठात मागायला जायचं काम अप्पांचं, म्हणजे माझ्या वडलांचं. अप्पांचं बाजारात पितळेच्या भांड्यांचं दुकान आहे. समई तोलताना ते काट्याकडे असे बघतात की गिऱ्हाइकालाच अपराध्यासारखं वाटावं. एक गुंज इकडची तिकडे नाही. आणि हाच माणूस मार्गळीतल्या थंड पहाटे परक्याच्या दारात उभा राहून गायचा आणि गाता गाता त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायचं. मी लहानपणी मागून पिशवी घेऊन चालायचो. ओल्या रांगोळ्या चुकवत, अप्पांच्या पाठीकडे बघत. दुपारी दुकान उघडलं की परत तोच काटा, तेच डोळे. "बोलू नका, वजन बघा!" मला राग यायचा हो. यातले आमचे अप्पा कोणते? कुणाला तरी फसवलं जातंय असं वाटायचं. दाराला की दुकानाला, तेवढं ठरवता यायचं नाही. आणि राग येत असतानाच वाटायचं, हे मलाही जमलं पाहिजे.

लॉजचे जिने उतरताना मला हे सगळं आठवलं. नट का व्हायचंय, याचं उत्तर बहुधा हे होतं. पण दिग्दर्शकाला काय सांगणार, माझा बाप वर्षातून एकदा रडतो म्हणून? आणि ते रडणं खरं असतं का, हे अप्पांना विचारायची माझी कधी छाती झाली नाही. घरात काय काय विचारता येतं आणि काय नाही, हे प्रत्येक पोराला ठाऊक असतं.

काम मिळाल्याचं सांगितलं तेव्हा अप्पा एका समईची वात-ताटली घासत होते. "भागवतराचं आहे, अप्पा. उंछवृत्तीचा प्रसंग आहे."

"लटकं मागणार?" त्यांनी विचारलं.

"लटकं नाही. सिनेमात मागणार."

"तेच कीं," ते म्हणाले आणि ताटली घासत राहिले. ओरडले असते तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं. आमच्या घरातला मागायचा तांब्या मी मागितला नाही, आणि त्यांनी दिला नाही. पुढच्या आठवड्यात सिनेमावाल्यांचा माणूस तांब्या शोधत शोधत नेमका आमच्याच दुकानात आला. अप्पांनी त्याला चांगला जाड बुडाचा, तांब्याच्या पत्र्याचा तांब्या काढून दिला आणि कशासाठी हवाय, एवढंसुद्धा विचारलं नाही. मी आत बसून ऑर्डरींचे फोटो काढत होतो. आमच्या दोघांची नजर काही झालं तरी एकमेकांना भेटली नाही.

शूटिंग दारासुरम्ला होतं, विणकरांच्या गल्लीत. गावातल्या बसनं थोड्या वेळात पोचतो माणूस, पण मी पहाटेच जाऊन बसलो. त्या गल्लीत घराघरात माग आहेत. सकाळ झाली की सगळीकडून खटखट सुरू होते आणि ती इतकी सवयीची की थांबली तरच कानाला कळतं. आवाज टिपणारा माणूस घरोघर हात जोडत फिरला, "थोडा वेळ माग बंद ठेवा." झालं. माग बंद झाले आणि सगळी गल्ली ओट्यांवर येऊन बसली. बायका, म्हातारे, कडेवरची पोरं. माझ्याकडे बघायला! इतकी वर्षं मला हेच तर हवं होतं, आणि आता पंचा नेसून त्यांच्यासमोर उभं राहताना मी पंच्याची गाठ परत परत चाचपत होतो.

दिग्दर्शकानं समजावून सांगितलं. तांदूळ घालायला ठरवून आणलेल्या बायका दारात उभ्या आहेत. तांब्यात खाली थर्माकोल, वर डिंकानं चिकटवलेले तांदूळ, भरलेला दिसायला. गाणं नंतर दुसराच कुणीतरी गाणार, मी नुसते ओठ हलवायचे. "आणि डोळ्यांत पाणी हवं, ब्रो."

मी ओठ हलवले. काहीतरी वाईट आठवायचा प्रयत्न केला. "कट. तू अॅक्टिंग करतोयस." परत. "कट. अजून अॅक्टिंग करतोयस." अरे मग मला बोलावलंय कशाला? भांडी घासायला? मी मनातल्या मनात चरफडत होतो. ऊन चढत होतं, गंधाचा टिळा ओघळत होता आणि ती मेकअपची मुलगी येऊन परत परत रेघ काढत होती. ओट्यावरच्या एका म्हाताऱ्यानं शेजारणीला मोठ्यानं विचारलं, "हा मुका आहे का?" गल्ली हसली.

तेव्हा माझं डोकं फिरलं. पुढच्या वेळी 'अॅक्शन' झाल्याबरोबर मी खरंच गायला लागलो. तेही मध्येच कुठून नाही. आमच्या मठात उंछवृत्ती सुरू करताना गुरूंची आणि पांडुरंगाची परवानगी मागतात, एक नाम आळवतात. ते झालं की मागणं लागू झालं असं धरतात. सिनेमात त्याची काहीही गरज नव्हती. पण मला दुसरी सुरुवात ठाऊकच नव्हती. तोंड उघडलं आणि अप्पांची सुरुवात बाहेर पडली, अप्पांच्याच सुरात, अप्पांसारखीच किंचित बसकी.

त्या गल्लीला ते नाम ओळखीचं. विणकरांकडेही भजनं होतात, त्यांच्याकडेही मागणारे येतात. ठरवून आणलेल्या बायका आपापल्या दारात उभ्याच राहिल्या आणि कॅमेऱ्याच्या डाव्या हाताच्या घरातून, जिथून कुणी यायचंच नव्हतं, तिथून एक म्हातारी उठली. आत गेली. पाण्याचा लोटा, पेटवलेलं निरांजन आणि सुपात तांदूळ घेऊन बाहेर आली. माझ्या पायांवर तिनं पाणी घातलं. ओवाळलं. मग ओंजळ भरभरून तांदूळ तांब्यात ओतले. तांब्यात जागा कुठे होती? खाली थर्माकोल! तांदूळ ओसंडून खाली पडायला लागले तसा मी न कळत उपरण्याचा पदर पुढं केला. तिनं वाकून नमस्कार केला आणि हळूच तमिळमध्ये म्हणाली, "भागवतर, आमच्या ह्यांची नजर गेलीय. एका डोळ्याचं ऑपरेशन करून झालं, उपयोग नाही. मागावर बसता येत नाही. तुमच्या पांडुरंगाच्या कानावर घाला."

आणि मला रडू फुटलं. थांबेना. मी गातच राहिलो, आवाज फाटला, नाकातून पाणी आलं, सगळं.

"कट!" दिग्दर्शक धावत आला आणि त्यानं कॅमेरावाल्यालाच मिठी मारली. "हे! हेच हवं होतं! आता हेच जवळून घेऊ. पाट्टी, तुम्ही पण अगदी अस्संच करा." पाट्टी म्हणजे आजी. त्याच्या मदतनीसानं म्हातारीचं सूप पुढं केलं आणि मला म्हणाला, "ब्रो, ते तांदूळ परत यात ओत. परत घालायला लागतील."

मी पदरावर हात ठेवला. "परत नाही देता येत."

"का?"

"भिक्षा आहे. घेतलेली भिक्षा परत नाही करत."

"ब्रो, तांदूळच आहेत!" तो माझ्याकडे असा बघत होता, जणू मला ऊन लागलंय. खरं सांगू, मलाही तसंच वाटत होतं. मी काय बोलतोय? ज्या माणसाला सकाळपासून खोटं मागताही येत नव्हतं, तो आता नियम सांगत होता. पण हात पदरावरून निघेना.

हा घोळ म्हातारीनंच मिटवला. ती आत गेली आणि सुपात नवे तांदूळ घेऊन आली. परत पाय धुतले, परत ओवाळलं, परत नवऱ्याच्या डोळ्यांचं तेच सांगितलं, तितक्याच हळू. जवळून घेतलं. मग दुसऱ्या बाजूनं घ्यायचं ठरलं. ती परत आत गेली. मग सावली आली म्हणून परत. प्रत्येक वेळी नवे तांदूळ. शेवटी आणले त्यात कणी आणि कोंडाच जास्त होता, तळाचे असणार. मला राहवेना. "पाट्टी, पुरे आता. शूटिंग आहे हे. मी खरा भागवतर नाही."

"दिसतंय की मला, एवढा मोठा कॅमेरा उभाय," ती म्हणाली. "पण तुम्ही दारात आलात, नाम घेतलंत. तांदूळ घालायला नकोत?"

कप्पाळ माझं.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. त्या पुढच्या प्रत्येक वेळी मला रडू आलं. बोलावल्यासारखं आलं. पण पहिल्या वेळी मला कशाचं भान नव्हतं, आणि नंतर मला भान होतं की डाव्या गालावर उजेड आहे, थेंब तिकडून आला तर बरा. मी म्हातारीचं दुःख ऐकत होतो आणि थेंबाची वाट बघत होतो. दोन्ही एकदमच चालू होतं. मग पहिलं रडणं खरं आणि नंतरचं खोटं म्हणावं का? पाणी तर तेच होतं, खारटही तितकंच. की पहिलंही अप्पांच्या सुराचं, म्हणजे उसनंच? विचार करून डोकं भणभणलं. आनंद व्हायला हवा होता. दिग्दर्शक "बोर्न अॅक्टर" म्हणत होता. मला मात्र कुणाच्या तरी घरात त्यांना न विचारता शिरल्यासारखं वाटत होतं.

जेवणाची सुट्टी झाली. सगळे केळीच्या पानांवर बसले आणि मी उपरण्यात बांधलेलं तांदळाचं गाठोडं मांडीवर घेऊन बसलो. चांगलं जड झालं होतं. व्यवस्था बघणारा म्हणाला, "दे स्वयंपाक्याकडे, रात्रीच्या सांबारभाताला होईल." मी नको म्हणालो. कारण रीत अशी की मागून आणलेले तांदूळ त्याच दिवशी दिवेलागणीच्या आत मठात शिजायला हवेत, पांडुरंगापुढं ठेवून सगळ्यांनी खायला हवेत. आणि ज्यानं मागितले त्यानंच ते स्वतः वाहून न्यायचे. दुसऱ्याच्या हाती पाठवायचे नाहीत. नाहीतर घालणाऱ्यानं जे सांगितलं असेल ते पोचत नाही म्हणतात. यावर माझा विश्वास आहे का? विचारू नका. सकाळी विचारलं असतंत तर हसलो असतो. पण एका म्हातारीनं नवऱ्याच्या डोळ्यांसाठी आपल्या घरचा तळ खरवडला होता आणि ते गाठोडं माझ्या मांडीवर होतं.

मी दिग्दर्शकाकडे गेलो. "सार, दोन तास सोडा. मठात जाऊन येतो."

"वेडा झालास?" तो म्हणाला. आणि त्याचंही खरं होतं. दुपारचा प्रसंग माझा आणि सिनेमातल्या मोठ्या नटाचा होता; त्या नटाकडे फक्त आजचीच दुपार होती. माझी वाक्यं, माझा चेहरा, सगळं त्या एका प्रसंगात. "तू गेलास तर मी कुणालाही पंचा नेसवून पाठमोरा उभा करीन. मग पुढचंही सगळं त्याचंच. सकाळचं एवढं चांगलं झालंय, तेही वाया जाईल. मला आवडणार नाही ते. पण करीन." तो रागावला नव्हता. त्यामुळेच मला जास्त भीती वाटली.

म्हणजे एकतर काम जाणार, नाहीतर ते तांदूळ. ज्या कामासाठी मी इतकी वर्षं प्रेत आणि मान होऊन काढली, ते पदरात पडलं त्याच दिवशी हे. मी एका बंद मागाशेजारी जाऊन उभा राहिलो आणि अप्पांना फोन लावला. का लावला? ते शिव्या देतील आणि म्हणतील "घरी ये", मग मला ठरवायला लागणार नाही, असं असावं.

सगळं सांगितलं. फोनवर दुकानातले आवाज येत होते, भांड्यावर भांडं.

"नाम घेतलास?" त्यांनी विचारलं.

"घेतलं. चुकून."

"पाय धुतले तिनं?"

"हो."

"किती वेळपर्यंत आहेस तेथें?"

"संध्याकाळपर्यंत. अप्पा, मी गेलो तर काम जाईल."

"तुज कोणी जा म्हटलं?" असं म्हणून त्यांनी फोन ठेवून दिला. आता याचा अर्थ काय लावायचा? मला वाटलं, चिडले. मला वाटलं, सोडून दिलं त्यांनी, मलाही आणि तांदळांनाही. मेकअपची मुलगी परत रेघ काढायला आली आणि म्हणाली, "हलू नका ना."

मोठा नट खुर्चीत येऊन बसला होता, मदतनीस माझ्याकडून वाक्यं पाठ म्हणून घेत होता, तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी अप्पांची मोपेड दिसली. वेळ दुकानाच्या गर्दीची, आणि अप्पा इथं! त्यांनी मोपेड भिंतीला लावली. शर्ट काढला, घडी करून सीटखाली ठेवला. खाली पंचा नेसूनच आले होते. पिशवीतून उपरणं काढून खांद्यावर टाकलं, आमच्या घरचा तांब्या गळ्यात अडकवला. चिपळ्या काढल्या. आणि तिथूनच नाम सुरू करत चालत आले, सरळ माझ्यासमोर.

कुणीतरी म्हणालं, "याला कुणी बोलावलं?" कुणी म्हणालं, "थांबा, थांबा." आम्ही दोघं समोरासमोर होतो. तोच पंचा, तीच माळ, तसाच टिळा. गल्लीतल्यांना कोण खरा आणि कोण सिनेमातला हे कळलं असेल की नाही कोण जाणे. अप्पा माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या पायांपुढच्या जमिनीकडे बघत गात होते, परक्याच्या दारात उभं राहिल्यासारखे. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. भिक्षा परत करता येत नाही, पाठवता येत नाही. पण कुणी मागायला आलं तर घालता येते. मागणाऱ्यानंही मागणाऱ्याला घालायला कुठे बंदी आहे? माझे अप्पा माझ्याकडे मागायला आले होते. दुकान टाकून, एवढ्या माणसांसमोर, उघड्या अंगानं.

पाणी हवं होतं. मदतनीसाच्या हातातली पाण्याची बाटली मी ओढून घेतली. वाकून अप्पांचे पाय धुतले. टाचांना भेगा, एका अंगठ्याचं नख काळं. भांडं पडलं असणार, मला माहीतही नव्हतं. नमस्कार केला. मग गाठोडं सोडलं आणि ओंजळी भरभरून सगळे तांदूळ त्यांच्या तांब्यात आणि पदरात घातले, कोंड्यासकट. अप्पांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. माझ्याही. कॅमेरा बंद होता, तो तसाच बंद राहू दे असं मला फार वाटत होतं.

शेवटची ओंजळ घालताना मी म्हणालो, "अप्पा, त्या डावीकडच्या घरचे आजोबा. डोळ्यांचं सांगायचं आहे."

त्यांनी मान हलवली. नाम संपवलं. दिग्दर्शक तोंड उघडं टाकून उभा होता, मोठा नट खुर्चीतून उठून उभा राहिला होता. अप्पांनी कुणाकडे पाहिलं नाही. पदराची गाठ नीट आवळली, मोपेडपर्यंत गेले, मी मागून गेलो. शर्ट चढवताना एक हात बाहीत आणि एक बाहेर, असे ते थांबले. आता ओरडणार, असं मला वाटलं.

"रे," त्यांनी अगदी हळू विचारलं, "सकाळीं तुज रडूं आलं म्हटलास. तें खरं होतं कीं?"

माझा प्रश्न. आयुष्यभर जो विचारायची मला छाती झाली नव्हती तो, आणि आता तेच तो मला विचारत होते, बाही लोंबकळत ठेवून, जणू मला माहीत असणार.

"ठाऊक नाही, अप्पा," मी म्हणालो.

"हं," ते म्हणाले. दुसरा हात बाहीत घातला. "मजही कधीं कळलं नाही."

मग ते मोपेडवर बसले, तांब्या पोटाशी धरून. गाडी सुरू होईना. मागून 'शॉट रेडी' अशा हाका येत होत्या. मी पंचा खोचला, गाडीला मागून जोर लावला आणि गल्लीच्या तोंडापर्यंत ढकलत नेली.